भिंतीआडचे पाणी : शिकागो, १९३३

उपाहारगृहे, खानावळी आणि मोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरे यांतून पसरणाऱ्या रोगांचा विचार विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुख्यतः आचाऱ्याच्या आणि वाढप्याच्या हातांभोवती फिरत होता. न्यूयॉर्क परिसरात स्वयंपाकाचे काम करणारी मेरी मॅलन ही स्वतः धडधाकट असूनही विषमज्वराचे जंतू बाळगून आहे, असे जॉर्ज सोपर यांनी १९०७ साली दाखवून दिले आणि ‘वाहक’, म्हणजे स्वतःला लक्षणे नसताना इतरांना रोग देणारी व्यक्ती, ही कल्पना आरोग्य खात्यांच्या कामकाजात पक्की रुजली. याउलट पाण्याचा प्रश्न शहराच्या जलशुद्धीकरणापाशीच सुटतो आणि इमारतीच्या दारापर्यंत आलेले शुद्ध पाणी आतही शुद्धच राहते, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जात होते. या गृहीतकाला सर्वांत मोठा तडा शिकागो शहरात १९३३ साली गेला, आणि त्यासाठी द्यावी लागलेली किंमत पाहता त्या घटनेचा इतिहास आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

शिकागोला आपल्या पाण्याचा अभिमान वाटावा अशीच पार्श्वभूमी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हे शहर विषमज्वरासाठी कुप्रसिद्ध होते, कारण ज्या मिशिगन सरोवरातून पिण्याचे पाणी घेतले जाई त्याच सरोवरात नदीवाटे सांडपाणी जात असे. १९०० साली मोठा कालवा खोदून नदीचा प्रवाहच उलटवण्यात आला, सांडपाणी सरोवरापासून दूर वळवले गेले, आणि पुढील दशकात पाण्यात क्लोरीन मिसळण्यास सुरुवात झाल्यावर विषमज्वर झपाट्याने ओसरला. २७ मे १९३३ रोजी ‘प्रगतीचे शतक’ या नावाने जागतिक प्रदर्शन सुरू झाले आणि अमेरिका व कॅनडातून पाहुण्यांचा लोंढा शहरात आला, तेव्हा येथील पाणी धोक्याचे ठरेल अशी शंका घेण्याचे कारण कोणालाच दिसत नव्हते.

त्या उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत शहराच्या मध्यभागी शेजारी-शेजारी असलेल्या काँग्रेस आणि ऑडिटोरियम या दोन हॉटेलांतील पाहुणे व कर्मचारी यांच्यात अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. अधिकृत चौकशीत पुढे १,४०९ रुग्ण आणि ९८ मृत्यू यांची नोंद झाली. हा रोग ‘एंटामीबा हिस्टोलिटिका’ या एकपेशीय जीवामुळे होतो. तो आतड्याच्या अस्तरात व्रण पाडतो आणि काही वेळा यकृतापर्यंत जाऊन तेथे गळू तयार करतो. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास बहुधा काही आठवडे लागत असल्याने पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडत, आणि एकाच ठिकाणाहून निघालेली साथ शेकडो गावांत विखुरलेल्या सुट्या आजारांसारखी दिसे. शिवाय आमांश हा उष्ण कटिबंधाचा रोग अशी समजूत असल्यामुळे अनेक डॉक्टरांनी ही दुखणी आंत्रपुच्छदाह किंवा आतड्याचा अन्य विकार समजून शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांतील काही रुग्णांचा शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. भारतातील डॉक्टरांना हा रोग परिचयाचा होता; त्यावर एमेटिनच्या इंजेक्शनचा उपचार लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात १९१२ साली रूढ केला होता. योग्य औषध उपलब्ध होते, मात्र रोगाची शंकाच न आल्यामुळे ते अनेकांपर्यंत वेळेवर पोहोचले नाही. न्यूयॉर्कच्या रात्रक्लबांमुळे प्रसिद्धीस आलेल्या कलाकार टेक्सास गिनन यांचा ५ नोव्हेंबर १९३३ रोजी व्हँकुव्हर येथे याच रोगाने मृत्यू झाला आणि वृत्तपत्रांचे लक्ष या साथीकडे वेधले गेले.

शहराचे आरोग्यप्रमुख हर्मन बंडेसन यांच्या खात्याला पहिले रुग्ण ऑगस्टमध्येच कळले होते, परंतु सर्वसामान्य जनतेला साथीची स्पष्ट कल्पना नोव्हेंबरमध्ये, म्हणजे प्रदर्शनाचा हंगाम संपत आला तेव्हा मिळाली, आणि या विलंबावर कठोर टीका झाली. चौकशीची दिशाही प्रथम नेहमीचीच होती. हॉटेलांतील अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीरात हा जीव आढळला, आणि दोष त्यांच्या हातांचा असावा असा निष्कर्ष स्वाभाविक वाटला. प्रत्यक्षात ते कर्मचारीही तेच पाणी पीत होते. ज्यांना रोगाचे मूळ मानले गेले, त्यांच्यापैकी अनेक जण त्याच रोगाचे बळी होते. भिंतींमागील आणि तळघरातील नळ एकेक करून तपासले गेले तेव्हाच खरे चित्र समोर आले.

ऑडिटोरियमची इमारत १८८९ सालची आणि काँग्रेस हॉटेलचा जुना भाग १८९३ सालचा होता, आणि वाढत्या गरजांनुसार त्यांतील नळजोडणीत वर्षानुवर्षे भर पडत गेली होती. तज्ज्ञांना पाण्याचे व सांडपाण्याचे नळ जुने आणि सदोष आढळले, पिण्याच्या पाण्याच्या थंड टाकीवरून जाणाऱ्या मलवाहिनीला गळती असल्याचे दिसले, आणि अनेक ठिकाणी ‘क्रॉस कनेक्शन’ सापडली. क्रॉस कनेक्शन म्हणजे पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि दूषित पाण्याचा साठा यांच्यात, दिसेल किंवा न दिसेल अशा रीतीने, झालेली जोडणी. क्लोरीननेही येथे रक्षण केले नाही, कारण हा अमीबा शरीराबाहेर टणक आवरणाच्या पुटीच्या रूपात टिकून राहतो आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेला ही पुटी दाद देत नाही.

अशी जोडणी धोकादायक कशी ठरते, हे दाबाच्या नियमावरून कळते. नळातील पाणी दाबाखाली असते तोवर ते बाहेरच वाहते. परंतु खालच्या मजल्यांवर एकाच वेळी पुष्कळ पाणी वापरले गेले किंवा पंप बंद पडला, तर वरच्या नळांत दाब नाहीसा होऊन पोकळी निर्माण होते. अशा वेळी एखादी तोटी भरलेल्या टबात किंवा भांडी धुण्याच्या कुंडात बुडालेली असेल, तर बाहेरच्या हवेचा दाब तेथील घाण पाणी नळात ढकलतो. पूर्ण पोकळी असल्यास हवेचा दाब पाण्याला सुमारे १० मीटर उंचीपर्यंत चढवू शकतो. या घटनेला उलट शोषण म्हणतात. दाब पूर्ववत झाला की तेच पाणी दुसऱ्या एखाद्या तोटीतून प्याल्यात उतरते, आणि रंग, वास किंवा चव यांतून त्याचा पत्ता लागेलच असे नाही.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय अत्यंत साधा आहे. तोटीचे तोंड आणि भांड्याची वरची कड यांच्यात मोकळी हवा राहील इतके अंतर ठेवायचे. हे अंतर तोटीच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावे, असा नियम पुढे रूढ झाला. असे अंतर शक्य नसेल तेथे पोकळी निर्माण होताच हवा आत घेणारे व्हॉल्व्ह बसवतात. सांडपाण्याच्या बाजूनेही हेच तत्त्व लागू पडते: बर्फाचे यंत्र किंवा अन्न धुण्याचे कुंड यांचा निचरा थेट गटाराला न जोडता मोकळ्या अंतरातून खालच्या मोरीत सोडला, तर गटार तुंबले तरी मैला मोरीवाटे जमिनीवर येतो, अन्नापर्यंत चढत नाही.

शिकागोनंतर हे तत्त्व नियमांत उतरू लागले. उपाहारगृहांच्या स्वच्छतेसाठी अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३४ साली नमुना नियम सुचवले, तर राष्ट्रीय मानक संस्थेत रॉय हंटर यांच्यासारखे अभियंते नळजोडणीचे शास्त्र मोजमापांवर उभे करत होते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात १९४४ साली क्रॉस कनेक्शनच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले, आणि उलट प्रवाह रोखणाऱ्या साधनांची चाचणी हे स्वतंत्र काम बनले.

महाराष्ट्रातील वाचकाला हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. येथील बहुतेक शहरांत पाणी दिवसातून ठरावीक तासच येते, म्हणजे शिकागोत अधूनमधून निर्माण होणारी दाबहीन अवस्था येथे रोजची आहे, आणि रिकाम्या नळाला गटाराजवळ भेग असेल तर आतले पाणी बाहेर जाण्याऐवजी बाहेरचे आत येते. त्यानंतर हॉटेलांतील पाणी तळघरातील टाकी, पंप आणि गच्चीवरील टाकी असा प्रवास करते, आणि त्यातील प्रत्येक जोड तपासावा लागतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याखाली २०११ साली आलेल्या परवाना नियमांत पिण्यायोग्य नसलेल्या पाण्याच्या नळांपासून अन्नाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष धोका पोहोचू नये, अशी अट आहे. ती पाळली जाते की नाही हे मात्र टोपी आणि हातमोजे पाहून ठरत नाही; त्यासाठी कुंडाखाली वाकून, तळघरात उतरून आणि गच्चीवर चढून पाहावे लागते.

आचाऱ्याने हात धुतले पाहिजेत, याबद्दल दुमत नाही; पण ज्या पाण्याने तो हात धुतो ते शुद्ध राखणे त्याच्या हाती नसते. ती जबाबदारी इमारतीच्या मालकाची, नळ जोडणाऱ्या कारागिराची आणि तपासनिसाची असते. साथ आली की सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे बोट दाखवणे सोपे असते, आणि १९३३ साली तेच घडले. स्वयंपाकघराच्या सुरक्षिततेत कुशल प्लंबरचे स्थान आचाऱ्याइतकेच मोलाचे आहे, हे मान्य करून त्याच्या कामाला तसा मान, मोबदला आणि तपासणीची शिस्त देणे, हाच त्या ९८ मृत्यूंपासून घेण्याचा खरा धडा आहे.