गिटारीवरची पोलादी कांडी

हवाई बेटांत १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकूची ही गोष्ट. गिटार मांडीवर आडवी घेऊन त्याने तारांवर कधी कंगव्याची पाठ, कधी चाकूची बोथट कड फिरवून पाहिली. अखेर कामेहामेहा शाळेच्या कार्यशाळेत त्याने गुळगुळीत पोलादी कांडी घडवली, असे सांगतात. १९०४ साली ती विद्या घेऊन तो अमेरिकेस गेला.

पोलादच का बरे? हलकी वस्तू तारेवर खडखडते. जड कांडी नीट टेकते, सूर लांबतो. फार जड झाली, तर मात्र हात मंदावतो. आपल्या विचित्रवीणेवरच्या काचेच्या बट्ट्यालाही हाच न्याय. तेव्हा कांडी निवडताना चकाकीला भुलू नका. मींड ऐका आणि मनगटाला विचारा.