न्यूनहॅम ग्रेंज

इंग्लंडमधील केंब्रिज शहरातील अठराव्या शतकातली वास्तू. आता डार्विन कॉलेजचा भाग. सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावरून कॅम नदी ओलांडली की पश्चिम काठावर ही वास्तू लागते. मागची बाग थेट पाण्याला भिडते आणि छोट्या पुलांवरून नदीतल्या दोन बेटांवर जाता येते.

हे मूळचे व्यापाऱ्याचे घर. धान्य आणि कोळशाचा व्यापार करणाऱ्या बील्स घराण्याने ते १७९३ च्या सुमारास बांधले. माल नावांतून येई, म्हणून धक्का आणि धान्याचे कोठार घराला लागूनच होते. १८४५ मध्ये केंब्रिजला रेल्वे आली आणि नदीवाटेच्या व्यापाराला उतरती कळा लागली.

१८८५ मध्ये चार्ल्स डार्विन यांचे पुत्र, भरती-ओहोटीचे अभ्यासक व खगोलशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज डार्विन यांनी ही मालमत्ता घेतली. कोठाराचेही पुढे राहते घर झाले. ‘ओल्ड ग्रॅनरी’ हे नाव मात्र टिकले. त्याच वर्षी जन्मलेल्या त्यांच्या कन्या ग्वेन राव्हेरा लाकडी ठशांच्या चित्रकार म्हणून नावारूपाला आल्या. या घरातल्या बालपणाच्या आठवणी त्यांनी ‘पीरियड पीस’ (१९५२) या पुस्तकात स्वतःच्या रेखाचित्रांसह सांगितल्या. त्यांची अखेरची वर्षे या कोठारातच गेली. १९५७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

शेजारच्या ‘हर्मिटेज’ या जुन्या घरात १९५४ मध्ये न्यू हॉल हे मुलींचे कॉलेज अवघ्या १६ विद्यार्थिनींवर सुरू झाले. पुढे त्याला हंटिंग्डन रोडवर जागा मिळाली, तीही डार्विन कुटुंबाकडूनच.

ग्वेन यांचे बंधू, भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स गॅल्टन डार्विन १९६२ च्या अखेरीस वारले आणि ग्रेंजचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये संशोधक विद्यार्थी वाढत होते. जुन्या कॉलेजांची घडी मात्र पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी बसवलेली. कीज, सेंट जॉन्स आणि ट्रिनिटी या तीन कॉलेजांनी मिळून १९६४ मध्ये केवळ पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी नवे कॉलेज काढले. कुटुंबाच्या संमतीने त्याला ग्रेंजची जागा आणि डार्विन हे नाव मिळाले. स्त्री-पुरुष दोघांनाही प्रवेश देणारे हे केंब्रिजमधले पहिले कॉलेज.

जुनी घरे न पाडता ती सांधण्याचा मार्ग कॉलेजने पत्करला. ग्रेंज आणि हर्मिटेज यांच्यामध्ये रेन बिल्डिंग उभी राहिली, भोजनगृह नव्याने बांधले गेले आणि ओल्ड ग्रॅनरीत विद्यार्थी राहू लागले. १९९४ मध्ये नदीकाठच्या चिंचोळ्या पट्टीवर अभ्यासिकेची इमारत झाली. वाचनाच्या टेबलांसमोरच्या खिडक्या पाण्याकडे उघडतात.