एकीची तक्रार आणि हजारजणींची : सदोष गाड्या परत बोलावण्याच्या कायद्याची गोष्ट



गाडीला काही झालं की आपल्याकडं पहिला प्रश्न गाडीबद्दल नसतोच. चालवत कोण होतं, हा असतो. आणि चालवणारी बाई असली, की पुढं काही विचारायची कुणाला गरजच वाटत नाही. आज आपल्या गटांतल्या कितीतरी जणी एमएच-२५ ची पाटी लावलेली स्कूटी घेऊन कळंब, भूम, तुळजापूरच्या बाजाराला जातात, बँकेत जातात, शेतावर डबा नेतात. ब्रेक लागला नाही, तर चूक आपलीच, असं आपणही धरून चालतो. कधी ती असतेही. पण कधी कधी दोष कारखान्यातूनच गाडीबरोबर आलेला असतो आणि तोच दोष तशा हजारो गाड्यांत असतो. अशा वेळी सरकार कुणाचं ऐकतं आणि खरं-खोटं कशावरून ठरवतं, त्याचा इतिहास आज सांगते.

ही गोष्ट सुरू होते अमेरिकेत, कारण गाड्याही तिथं आधी वाढल्या आणि माणसंही आधी मेली. १९६५ साली राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलानं एक पुस्तक लिहिलं. अपघाताला फक्त चालक जबाबदार नसतो, गाडीची बनावटही जबाबदार असते, हे त्यानं त्यात ठासून मांडलं. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, तिथं वाहन सुरक्षेचा कायदा झाला. १९७४ च्या दुरुस्तीनं त्यात एक मोठी गोष्ट आली : सामान्य नागरिक सरकारकडं अर्ज करून म्हणू शकतो, की या जातीच्या गाडीत दोष आहे, चौकशी करा. सरकारनं १२० दिवसांत हो किंवा नाही सांगायचं, आणि नाही म्हटलं तर कारण राजपत्रात छापायचं. कारण छापून देणं मला फार मोलाचं वाटतं. आपला अर्ज कुठल्या कपाटात पडला, हे शोधत फिरावं लागत नाही.

पण अर्ज केला की लगेच न्याय मिळतो असं नाही. फोर्ड कंपनीची पिंटो नावाची छोटी गाडी होती. मागून धडक बसली की तिची पेट्रोलची टाकी फुटून आग लागते, अशी तक्रार एका ग्राहक संस्थेनं १९७४ सालीच केली होती. सरकारी खात्यानं कागद पाहिले आणि सांगितलं, पुरावा पुरेसा नाही. १९७७ साली एका मासिकानं हे प्रकरण उजेडात आणलं, लोकांची पत्रं येऊ लागली, तेव्हा खात्यानं स्वतः गाड्यांवर धडका देऊन पाहिल्या. टाकी फुटत होती. १९७८ च्या जूनमध्ये कंपनीनं सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या. टाकी तीच होती, दोष तोच होता, पण मधे चार वर्षं गेली.

मग खातं पाहतं तरी काय? आधी हे, की बिघाड एकाच गाडीचा आहे की त्या जातीच्या गाड्यांचा. तोच भाग, तसाच, किती ठिकाणी निकामी झाला? विकलेल्या गाड्यांच्या मानानं तक्रारी किती? दुसऱ्या कंपन्यांच्या तशाच गाड्यांत हे होतं का? कंपनीकडून माहिती मागवतात, भाग काढून तपासतात. आणि परिणाम किती गंभीर, याला वजन असतं. आरसा सैल असल्याच्या शंभर तक्रारींपेक्षा गाडी पेटल्याच्या चार तक्रारी भारी ठरतात. प्रत्येक तक्रार खरी ठरते असंही नाही. ऑडी नावाची गाडी आपोआप पळत सुटते, अशा अनेक तक्रारी तिथं झाल्या. १९८९ च्या सरकारी अहवालात निघालं, की बहुतेक वेळा लोकांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. तपासणारा दोन्ही बाजूंनी तपासतो, तेव्हाच त्याच्या निकालाला किंमत येते.

आता आपल्या महाराष्ट्रात या. आपल्याकडं बराच काळ असं तपासायला लावणारा कायदाच नव्हता. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होता, पण त्यात ज्याची गाडी, त्याचा खटला. मार्च २०१० मध्ये मुंबईत मुलुंडला टाटांची नवीकोरी नॅनो शोरूममधून घरी नेताना वाटेतच पेटली. आणखीही काही गाड्या पेटल्या. नोव्हेंबरमध्ये कंपनीनं सुमारे ७० हजार गाड्यांत फुकट जादा संरक्षक भाग बसवून द्यायची तयारी दाखवली, मात्र याला गाड्या परत बोलावणं म्हणायला ती तयार नव्हती. शब्द कंपनीनं निवडला. सरकारला तसा आदेश देता येईल अशी तरतूदच नव्हती. २०१२ साली वाहन कंपन्यांच्या संघटनेनं स्वतःच एक नियमावली केली, तीही ऐच्छिक.

आणि २०१३ ची तवेरा आठवते का? वऱ्हाडाला जाताना आपण जिच्यात दाटीवाटीनं बसायचो तीच. जनरल मोटर्सनं अशा १ लाख १४ हजार गाड्या धुराच्या नियमांत बसत नाहीत म्हणून परत बोलावल्या. सरकारी समितीनं कंपनीवर फसवणुकीचा ठपका ठेवला. तोवर त्या गाड्या वर्षानुवर्षं रस्त्यावर धावल्या होत्या.

शेवटी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ११० अ आलं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. गाडीतला दोष चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका ठरत असेल, तर केंद्र सरकार ती जातच परत बोलवायला लावू शकतं. मालकांच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात आल्या, तरीही. ते प्रमाण गाडीच्या प्रकारावर आणि ती वर्षाला किती विकली जाते यावर ठरतं. मग कंपनीला गाडी दुरुस्त करून द्यावी लागते, बदलून द्यावी लागते किंवा पैसे परत द्यावे लागतात. सक्तीनं बोलवावं लागलं तर दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. कंपनीनं आपणहून दोष सांगितला, तर दंड नाही. हे मला सुरुवातीला खटकलं होतं. पण दंडाच्या भीतीनं दोष लपवण्यापेक्षा हे बरं.

एक उणीव मात्र राहिली. एकट्या तक्रारदाराला अमुक दिवसांत कारणासह उत्तर द्या, असं हे कलम म्हणत नाही. इथं वजन आहे ते मोजणीला.

पुढच्याच वर्षी कसोटी लागली. २६ मार्च २०२२ ला पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची विजेवरची स्कूटर पेटली आणि त्याची चित्रफीत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटून बाप आणि मुलगी गेली. केंद्रानं तपास संरक्षण खात्याच्या अग्निसुरक्षा प्रयोगशाळेकडं सोपवला. एप्रिलमध्ये ओकिनावानं ३,२१५ आणि ओलानं १,४४१ स्कूटर आपणहून परत बोलावल्या. बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक करून डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं लागू केले.

आमच्या एका गटात एका ताईची स्कूटर चढावर अचानक बंद पडायची. ती तीनदा मेकॅनिककडं गेली. तिन्ही वेळा उत्तर एकच : ताई, तुम्हाला चालवायची सवय नाही. महिन्याच्या बैठकीत हप्ता भरताना सहज बोलणं निघालं, तर त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलवाल्या आणखी दोघी निघाल्या. दोघींनाही तेच उत्तर मिळालेलं. तीन जणींवरून दोष सिद्ध होत नाही, हे खरं. पण तिघींपैकी एकीच्याही हातात सर्व्हिसची पावती नव्हती, तक्रार कुठं लिहिलेली नव्हती. म्हणजे सरकारच्या मोजणीत या तिघी शून्य.

म्हणून बैठकीच्या रजिस्टरात एक पान गाड्यांसाठी ठेवा. गाडी कोणती, मॉडेल आणि वर्ष कोणतं, नोंदणी क्रमांक, चासी नंबर, काय झालं, कधी झालं, किती किलोमीटर चालल्यावर. जॉबकार्ड मागून घ्या, त्यावर तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत लिहायला लावा. निघालेला भाग भंगारात देऊ नका. सुरक्षेचा दोष असेल, तर केंद्राच्या परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर वाहन रिकॉलची तक्रार नोंदवता येते, आणि ती प्रत्येकीनं आपापल्या गाडीची वेगळी नोंदवायची. सगळ्यांचा मिळून एक अर्ज केला, तर तो एकच मोजला जायची भीती. नुकसानभरपाई हवी असेल, तर रस्ता वेगळा : १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, नाहीतर धाराशिवचा जिल्हा ग्राहक आयोग. रिकॉलच्या नियमात सात वर्षांच्या आतल्याच गाड्या बसतात, तेव्हा आरसी बुकावरची तारीख आधी बघून घ्या.