भाकरीचे कलम

माझा मामा अजिंठ्याच्या लेण्यांवर डोली वाहायचा. 17 मार्च 2020 रोजी लेण्यांना कुलूप लागले. ते निघाले 10 डिसेंबरला. पर्यटक नाही तर मजुरी नाही.

चारच दिवस आधी महाराष्ट्राने साथरोग कायदा लागू केला होता. हा कायदा 1897चा, प्लेगच्या काळातला. मूळ कलमे अवघी चार. शासनाला अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा, अंमलदाराला संरक्षण. भाकरीचे कलम कुठे आहे? त्याच साली मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेगग्रस्त पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या आणि 10 मार्चला त्याच रोगाने गेल्या. त्यांना कोणत्या कलमाने सांगितले होते?

2020 साली मदत आलीच नाही, असे मी म्हणणार नाही. रेशनकार्डावर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळाले. मामाचे घर त्यावर तगले, तेल-मीठ उसनवारीचे. कार्ड परराज्यातही चालेल, अशी योजना जानेवारीत बारा राज्यांत आली होती. पण पोटासाठी बाहेर पडलेल्याचे कार्ड बहुधा गावी, बायकोपोरांपाशीच राहते.

जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेने पायी निघाले. सडकेने जाते तर आमच्याच घाटातून उतरले असते. ते रुळांवरून गेले. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ, थकून रुळांवरच झोपलेले सोळा जण मालगाडीखाली मेले. रुळांत रोट्या विखुरल्या होत्या. दोन्ही राज्य सरकारांनी वारसांना प्रत्येकी 5 लाख रुपये जाहीर केले. मृतदेह जबलपूरला नेले ते मात्र रेल्वेने.