लिपारीचा किल्ला

सिसिलीच्या उत्तरेस समुद्रांतून वर आलेलीं सात ज्वालामुखी बेटें आहेत. स्ट्राँबोलीचा अग्नि रात्रीं दुरून दिसतो, म्हणून प्रवाशांची धांव बहुधा तिकडेच. पण इतिहास पाहावयाचा तर लिपारीच्या किल्ल्यावरच चढावें लागतें. लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कांचेचीं पातीं नवाश्मयुगांत येथूनच समुद्रापार जात. कांच म्हणून तिला नाजूक समजूं नये; तिची धार पोलादाला लाजवील अशी! धातूचीं हत्यारें आलीं आणि तो व्यापार ओसरला.

१५४४ सालीं खैरुद्दीन बार्बरोसाच्या तुर्की आरमारानें शहर घेतलें व हजारों रहिवाशांना गुलाम करून नेलें. ओस पडलेलें बेट स्पॅनिश राज्यकर्त्यांनीं पुन्हा वसविलें, भक्कम तट उभारले. शत्रूसाठीं बांधलेल्या त्याच तटांआड १९२६ नंतर मुसोलिनीच्या सरकारनें आपल्याच देशबांधवांना स्थानबद्ध केलें. समुद्र हाच खरा पहारेकरी. तरीहि १९२९ च्या जुलैंत कार्लो रोसेल्ली, एमिलिओ लुस्सु व फ्रान्सेस्को नित्ती हे तिघे रात्रीं मोटारबोटींतून निसटले, ते थेट ट्युनिसियाला पोहोंचले. पॅरिसमध्यें त्यांनीं चळवळ उभी केली. पण १९३७ सालीं रोसेल्लींचा फ्रान्समध्येंच भावासह खून झाला.

आतां किल्ल्यांत पुराणवस्तुसंग्रहालय आहे. काळ्या कांचेचीं तीं पातीं तेथें मांडून ठेविलीं आहेत.