विश्वचषक आणि शंकरपट

१९८७ साली क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा प्रथमच इंग्लंडबाहेर भरली. भारतातील १४ मैदानांत नागपूरचाही क्रम लागला. ३१ ऑक्टोबरचा तेथील सामना, गावस्करांचे एकदिवसीय सामन्यांतील एकमेव शतक व चेतन शर्मांचे लागोपाठ तीन बळी यांमुळे सर्वांस ठाऊक आहे. त्यातील व्यापाराचा भाग मात्र क्वचितच बोलला जातो.

न्यूझीलंडच्या २२१ धावा भारताने ५० पैकी ३२.१ षटकांतच ओलांडल्या. गटात पहिले स्थान मिळाले, म्हणून भारताचा उपांत्य सामना लाहोरऐवजी ५ नोव्हेंबरला मुंबईस झाला. पराक्रम नागपुरात घडला, गिऱ्हाईक मात्र मुंबईस गेले! मैदानाबाहेरच्या फेरीवाल्यांची तर सतरा षटकांची विक्री त्या विजयानेच बुडविली, असे थट्टेने म्हणता येईल. एका दिवसाच्या सामन्याचे असेच असते. प्रेक्षक सायंकाळी घरची गाडी धरतो.

पवनी तालुक्यातील आसगावाच्या भागात हे कोडे जुन्या लोकांनी केव्हाच सोडविले आहे. धान घरात आले की शंकरपट भरतो. दिवसा बैलजोड्या धावतात, रात्री झाडीपट्टीचे नाटक होते. साहजिकच पाहुणा मुक्कामी राहतो. चहा-भजीवाला, मिठाईवाला, मंडपवाला, नट, वादक, सर्वांचे हात चालतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा होता. परंतु पटावरची दुकानेही त्यासरशी उठली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाल्यावर ती पुन्हा लागू लागली.

नागपुरास पुढील आंतरराष्ट्रीय सामना ठरेल, तेव्हा त्याच आठवड्यात झाडीपट्टीची दोन नाटके आणि भंडाऱ्याकडील कोशाच्या कापडाचे एक दालन तेथे लावावे, एवढी माझी सूचना आहे.