नाव नसलेला चित्रकार: कार्ल बार्क्स

१/ १९४० आणि १९५० च्या दशकांतील अमेरिका. डॉनल्ड डकच्या चित्रकथा तेव्हा दहा सेंटला मिळत. त्या अनेक चित्रकार काढीत, पण सही कोणाचीच नसे. मुखपृष्ठावर नाव एकच: वॉल्ट डिस्ने. तरीही काही चाणाक्ष बालवाचकांना त्यांतला एक हात अचूक ओळखू येई. नाव ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी त्याला ‘चांगला बदक-चित्रकार’ असेच म्हणायला सुरुवात केली.

२/ तो हात होता कार्ल बार्क्स यांचा. जन्म १९०१, ऑरेगॉन राज्यातील एका एकाकी शेतवस्तीवर. लहानपणापासूनच ऐकू कमी येई. आठवीनंतर शाळा सुटली. पुढे शेतमजुरी, लाकूडतोड, रेल्वेच्या कारखान्यातील काम असे नाना उद्योग झाले आणि बहुतेक ठिकाणी अपयशच पदरी पडले. डिस्नेच्या स्टुडिओत ते दाखल झाले १९३५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

३/ १९४२ मध्ये त्यांनी ती नोकरीही सोडली. बेत होता कोंबड्या पाळण्याचा. जोडीला म्हणून त्यांनी डिस्नेच्या चित्रकथा छापणाऱ्या प्रकाशकाकडे काम मागितले. एप्रिल १९४३ च्या अंकात त्यांची पहिली दहा पानी कथा आली. कोंबड्यांचा बेत मागे पडला. बदकांनी पुढची तेवीस वर्षे व्यापली.

४/ पडद्यावरचा डॉनल्ड म्हणजे चिडका, फेंगडा बोलणारा विदूषक. बार्क्स यांनी त्याला घर दिले, भाडे थकवणारा संसार दिला, भाच्यांना हुशारी दिली आणि डकबर्ग हे गाव दिले. तो रोज नवी नोकरी धरतो, त्यात निष्णात होतो आणि नेमक्या गर्वाच्या क्षणी सारे घालवून बसतो. हातून निसटलेल्या नोकऱ्यांचा अनुभव लेखकाला पुरेसा होता.

५/ डिसेंबर १९४७ मध्ये एका नाताळकथेपुरता एक कंजूस म्हातारा आला: स्क्रूज मॅकडक, डॉनल्डचा मामा. तो टिकला, कारण बार्क्स यांनी त्याच्या संपत्तीला भूतकाळ दिला. १९५२ च्या ‘ओन्ली अ पुअर ओल्ड मॅन’ या कथेत स्क्रूजला कोणते नाणे कुठे, किती कष्टाने मिळवले ते आठवते. त्याचे कोठार हा एका अर्थी आठवणींचा साठा आहे. म्हणूनच त्या चिक्कू म्हाताऱ्याचा राग येता येता माया वाटू लागते.

६/ १९५४ ची ‘ट्राला ला’ ही कथा तर अर्थशास्त्राचा धडाच आहे. पैशाला वैतागलेला स्क्रूज हिमालयातील अशा खोऱ्यात जातो जिथे पैसा ही वस्तूच नाही. त्याच्या औषधाच्या बाटलीचे एक बूच तिथे कोणाला तरी सापडते. दुर्मीळ म्हणून त्याला मोल येते, मोल आले म्हणून हाव येते. उपाय म्हणून स्क्रूज विमानांतून बुचांचा वर्षाव करवतो. बुचे कवडीमोल होतात, पण वर्षाव थांबत नाही आणि शेते त्याखाली गाडली जाऊ लागतात. टंचाई आणि चलनवाढ, दोन्ही एकाच कथेत, आणि तेही दहा वर्षांच्या मुलाला समजेल अशा भाषेत.

७/ हे सारे दूरदेश उभे करताना बार्क्स यांचा आधार होता ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाचे अंक. पेरूच्या पर्वतराजीत चौकोनी अंडी शोधणारी कथा धादांत काल्पनिक, पण तिच्यातील डोंगर आणि धुके खरे वाटते. थट्टेसाठीही पार्श्वभूमी नीट अभ्यासायची, हा त्यांचा शिरस्ता होता.

८/ मोबदला मात्र पानागणिक. पुनर्मुद्रणातून वाटा नाही, अंकावर नाव नाही. अखेर १९६० मध्ये एका चाहत्याने पत्ता शोधून पत्र धाडले. कोणी मित्र थट्टा करत असावा, असेच बार्क्स यांना आधी वाटले. आपल्या कथांना कोणी इतक्या बारकाईने वाचत असेल, ही कल्पनाच त्यांना नवी होती.

९/ १९६६ मध्ये ते निवृत्त झाले आणि कीर्ती त्यानंतर आली. १९८७ मध्ये जॅक कर्बी आणि विल आयस्नर यांच्यासोबत आयस्नर सन्मानदालनाच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांची निवड झाली. चित्रपटकार जॉर्ज लुकास यांनी त्यांच्या कथांवर कौतुकाने लिहिले. ‘डकटेल्स’ ही मालिका त्यांच्याच विश्वावर उभी राहिली. १९९० च्या दशकात ती दूरदर्शनवर हिंदीतून आली आणि नाण्यांत सूर मारणारा स्क्रूज महाराष्ट्रातल्या घराघरांतही पोहोचला. त्याचा निर्माता कोण, हे इथेही फारसे कोणी विचारले नाही.

१०/ बार्क्स २००० साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी गेले. कलावंताचे नाव पुसणारी व्यवस्था न्याय्य नव्हती, आणि उशिरा मिळालेल्या मानाने ती न्याय्य ठरत नाही. पण ती एका गोष्टीपुढे हरली. नाव लपवता आले. हात लपवता आला नाही. तो सर्वांत आधी ओळखला, दहा सेंट खर्चून मन लावून वाचणाऱ्या मुलांनी.